पोर्ट ऑफ स्पेनला जावं का? सोलापूरहून आखणी करणाऱ्यांसाठी परीक्षण

आधी निकाल, मग तपशील. त्रिनिदाद-टोबॅगो या कॅरिबियनमधल्या दोन बेटांच्या देशाची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन त्रिनिदाद बेटावर आहे. ती आणि तिच्याभोवतीचा तासाभराच्या अंतरातला टापू खाणं, क्रिकेट, पक्षी आणि गिरमिटियांचा (करारावर नेलेल्या भारतीय मजुरांचा) इतिहास यांसाठी उत्तम आहे. समुद्रात डुंबण्यासाठी मध्यम आहे. रात्री पायी भटकायला वाईट आहे. पाच रात्री पुरतात, सात असतील तर दोन टोबॅगो या दुसऱ्या बेटाला द्याव्यात.

समुद्राचा मुद्दा सुरुवातीलाच घेतो, कारण सर्वांत जास्त निराशा तिथेच होते. शहर पारियाच्या आखातावर वसलंय. दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीचा गाळ या आखातापर्यंत येतो, म्हणून पाणी मातकट दिसतं. राजधानीला पोहण्याजोगा किनाराच नाही. जाहिरातीतलं निळंशार पाणी हवं असेल तर टोबॅगोला किंवा बार्बाडोसला जावं. एका टूर पॅकेजच्या माहितीपत्रकात राजधानीच्या नावाखाली टोबॅगोच्या किनाऱ्याचे फोटो छापलेले आहेत. असं माहितीपत्रक हाती आलं तर कोणत्या रात्री कुठे मुक्काम, हे लेखी मागून घ्या.

कागदपत्रं: इथेच सगळं बिघडतं

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी त्रिनिदाद-टोबॅगोचा व्हिसा आधी काढावा लागत नाही, ९० दिवसांपर्यंत राहता येतं. हे ऐकून माणूस निर्धास्त होतो आणि मधल्या विमानतळावर अडकतो. भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे गेलात तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. शिवाय पहिल्या अमेरिकी विमानतळावर इमिग्रेशन करून बॅगा ताब्यात घ्यायच्या आणि पुन्हा जमा करायच्या. त्यामुळे दोन विमानांत किमान चार तास ठेवा. टोरांटोमार्गे कॅनडाचा ट्रान्झिट किंवा पर्यटक व्हिसा लागतो.

लंडनच्या रस्त्यात एक वेगळाच खड्डा आहे. मुंबईचं विमान हीथ्रोला उतरतं आणि कॅरिबियनची बरीच विमानं गॅटविकहून सुटतात. दोन्ही विमानतळ लंडनचेच असले तरी एकाहून दुसऱ्याकडे जाताना ब्रिटनमध्ये प्रवेश करावा लागतो. विमानतळाच्या आतल्या आत बदल असेल तर एक ट्रान्झिट व्हिसा, बाहेर पडून बदल असेल तर दुसरा. चुकीचा काढलात तर मुंबईतच बोर्डिंग नाकारतात. तिकीट काढण्यापूर्वी दोन्ही उड्डाणांपुढची विमानतळाची तीन अक्षरं वाचा. अमेरिकेचा व्हिसा आधीपासून पासपोर्टवर असेल तर त्याच मार्गाने जाणं सर्वांत सुटसुटीत.

दुसरी गोष्ट पिवळ्या तापाच्या लसीची. भारत सरकारच्या पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत त्रिनिदाद आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं प्रमाणपत्र नसेल, तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागतं, सहा दिवसांपर्यंत. जाताना कुणी विचारत नाही म्हणून लोक विसरतात, आणि भरपाई परतताना होते. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी. एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. ती गावातल्या कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच मिळते. मुंबई-पुण्यात अशी केंद्रं आहेत, वेळ आधी ठरवून जावं लागतं. प्रमाणपत्रावर पासपोर्ट क्रमांक लिहितात, त्यामुळे नूतनीकरण बाकी असेल तर ते आधी उरका. गरोदर स्त्रिया, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले आणि साठीपुढचे यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ही लस घेऊ नये. घरातल्या ज्येष्ठांना बरोबर नेणार असाल तर हा प्रश्न तिकिटाआधी सोडवा. मूळ प्रमाणपत्र (पिवळं कार्ड) हातातल्या बॅगेत, एक फोटो मोबाईलवर.

मुंबई गाठण्यासाठी, मध्यरात्रीनंतरचं विमान असेल तर सकाळची वंदे भारत सोयीची. दुपारी सीएसएमटीला उतरून विमानतळावर जायला भरपूर वेळ उरतो. सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी पोचवते, पण त्याच सकाळच्या विमानासाठी तिच्यावर विसंबू नका. गाडी दोन तास उशिरा आली की लाखभराचं तिकीट गेलं.

राजधानीच्या पियार्को विमानतळावर इमिग्रेशनला परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चाची सोय विचारतात. तिन्ही छापील ठेवा. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं.

मुक्काम

विमानतळ शहराच्या पूर्वेला, साधारण २५ किलोमीटरवर. राहायचं मात्र पश्चिम आणि उत्तर भागात: वुडब्रुक, सेंट क्लेअर, न्यूटाऊन, सेंट ॲन्स, मरावाल. पहिल्यांदा जाणाऱ्याला आमची शिफारस वुडब्रुकची. क्रिकेटचं क्वीन्स पार्क ओव्हल, खाण्याची एरियापिटा ॲव्हेन्यू आणि सव्हाना मैदान, सगळं जवळ. मोठी हॉटेलं मोजकीच. टेकडीच्या उतारावर बांधलेलं हिल्टन बघण्यासारखं आहे, लॉबी सर्वांत वर आणि खोल्यांचे मजले खाली उतरत जातात. पैशाचा मोबदला मात्र गेस्टहाऊसमध्येच मिळतो. बुकिंग करताना तीन प्रश्न विचारा: पाण्याची टाकी आहे का, एसी खोलीत आहे की फक्त पंखा, दाराशी रात्री गाडी थांबते का. टाकीचं महत्त्व सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. हॉटेलच्या दरात कर धरलाय की नाही तेही विचारून घ्या, पुष्कळदा तो शेवटी बिलात दिसतो.

मॅक्सी टॅक्सी: उजेडी उत्तम, अंधारी नको

शहरातली सार्वजनिक वाहतूक समजली की निम्मा खर्च वाचतो. मॅक्सी टॅक्सी म्हणजे पांढरी मिनीबस, अंगावर रंगीत पट्टा. पट्टा वाचता आला की दिशा कळली. पिवळा पट्टा राजधानी आणि पश्चिमेकडे, डिएगो मार्टिन, शागारामस. लाल पूर्वेकडे, क्युरेप, अरिमा. हिरवा दक्षिणेकडे, शाग्वानस आणि सॅन फर्नांडो. लाल आणि हिरव्या गाड्या साउथ की रस्त्यावरच्या सिटी गेट या मुख्य ठाण्यावरून सुटतात. ही पूर्वीची रेल्वे स्टेशनची इमारत. रेल्वे बंद झाल्यावर रुळांच्या जागी फक्त बस आणि परवानाधारक मॅक्सींसाठी रस्ता झाला, म्हणून लाल पट्टेवाली गाडी गर्दीच्या वेळीही खासगी मोटारीपेक्षा लवकर पोचते.

गाडीत चढताना सगळ्यांना ऐकू जाईल असं 'गुड मॉर्निंग' म्हणायचं. तिथे ही साधी रीत आहे, न बोलता बसणारा उर्मट समजला जातो. उतरायच्या आधी बेलचं बटण दाबायचं, पैसे उतरताना चालकाला द्यायचे. शंभराची नोट पुढे केली की चालक वैतागतो, एक, पाच आणि दहाच्या नोटा जवळ ठेवा. सरकारी बसचं तिकीट मात्र गाडीत मिळत नाही, आधी ठाण्यावर काढावं लागतं.

रूट टॅक्सी ही साधी मोटार, ठरलेल्या रस्त्यावर चार-पाच प्रवासी घेऊन धावते. नंबरप्लेट 'एच' अक्षराने सुरू होते का ते बघा. 'पी' असेल तर ती खासगी गाडी, कितीही आग्रह झाला तरी बसू नका. अंधार पडल्यावर मॅक्सी आणि रूट टॅक्सी दोन्ही टाळा आणि गेस्टहाऊसने बोलावलेली गाडीच घ्या. उबरच्या भरवशावर राहू नका. स्वतः गाडी चालवायची तर वाहनं डावीकडूनच चालतात, त्यामुळे हात बसायला वेळ लागत नाही. सोलापूर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या.

खाणं: पूर्ण गुण

शाकाहारी माणसाला कॅरिबियनमध्ये उपाशी राहावं लागेल ही भीती त्रिनिदादपुरती सोडून द्या. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' जहाज कलकत्त्याहून इथे आलं आणि १९१७ पर्यंत ऊसमळ्यांसाठी गिरमिटिया येत राहिले, बहुतेक भोजपुरी मुलखातले. आज देशाच्या लोकसंख्येतला एक तृतीयांशाहून जास्त भाग त्यांच्या वंशजांचा आहे आणि राजधानीची न्याहारी त्यांनीच घडवलीय.

त्या न्याहारीचं नाव डबल्स. विक्रेता खाकी कागदावर हळदीच्या पिवळ्या रंगाचे दोन मऊ, तळलेले 'बारा' एकमेकांवर अर्धे सरकवून ठेवतो. वर पळीभर रसदार छोले, मग कैरीच्या किसाचं कुचेला, चिंचेची चटणी, काकडी आणि शेवटी मिरचीचा रस्सा. कागदाची दोन टोकं एका झटक्यात पिळून पुरचुंडी हातात देतो. रांगेत उभं असताना फक्त आकडा आणि तिखट किती ते सांगायचं: 'टू, स्लाइट'. इथली स्कॉच बॉनेट मिरची आपल्या मिरचीसारखी जिभेवर लगेच कळत नाही, मागून चढते. पहिल्या दिवशी 'स्लाइट'च म्हणा, ठेच्यावर वाढलेले असलात तरी. उभ्याने खायचं, बाऱ्याचा तुकडा तोडून छोले उचलायचे, पैसे खाऊन झाल्यावर. एक डबल्स दहा टीटी (त्रिनिदाद-टोबॅगो) डॉलरच्या आत येतं. सकाळी नऊनंतर चांगल्या गाड्यांवरचा माल संपायला लागतो, त्यामुळे सातला पोचलेलं बरं. जिथे ऑफिसला जाणाऱ्यांची रांग आहे तिथेच थांबा, कारण जलद खपणारा बारा ताजा असतो आणि उरलेला चिवट होतो.

दुपारसाठी रोटीचं दुकान. धालपुरीत भरडलेल्या डाळीचं सारण असतं, गूळ न घातलेली पातळ पुरणपोळीच जणू. तिच्यात 'चना अँड आलू', भोपळा, भाजी किंवा कैरीची करी घालून गुंडाळी देतात. बस-अप-शट म्हणजे तव्यावर लाकडी उलथन्यांनी आपटून मोकळा केलेला पराठा, करी बाजूला. इथे शाकाहाऱ्यांची एकच अडचण: मटणाच्या करीतला डाव छोल्यांतही जातो. गर्दी नसताना वेगळा डाव वापरायला सांगितलं तर करतात. कॅलालू या हिरव्या कालवणात खेकडा किंवा खारवलेलं मांस असू शकतं, दर वेळी विचारा. पेलाव हा भात टाळा, त्यात कोंबडी ठरलेलीच. सकाळी सादा रोटीबरोबर भाजलेल्या वांग्याचा किंवा टोमॅटोचा चोखा (भरीत) मिळाला तर दुसरं काही मागू नका. दिवस उत्तम सुरू होतो.

शेंगाचटणी न्यायची असेल तर पाकीटबंद आणि मोठ्या बॅगेत न्या. ताजी फळं, भाज्या, बियाणं नको, कस्टम्सवर काढून घेतात.

दक्षिणेचा दिवस

सगळ्या आखणीत एकच दिवस चालकासह गाडी घ्यायची असेल तर ती या दिवसासाठी. क्रम महत्त्वाचा. सकाळी सातला निघायचं. त्या वेळी सगळी गर्दी शहराच्या आत येत असते, बाहेर जाणारी बाजू मोकळी मिळते. शाग्वानसजवळ चेस व्हिलेजला कुंभारांची दुकानं आहेत, दिवाळीच्या पणत्या इथूनच देशभर जातात. तिथून पुढे वॉटर्लूचं समुद्रातलं मंदिर. सिवदास साधू या ऊसमळ्यातल्या मजुराने १९४७ मध्ये साखर कंपनीच्या जमिनीवर मंदिर बांधलं. कंपनीने ते पाडायला लावलं आणि त्यांना तुरुंगात धाडलं. सुटल्यावर ते जमिनीवर पुन्हा बांधायला गेले नाहीत. समुद्र कुणाच्या मालकीचा नाही म्हणून एकट्याने दगडमातीचा भराव टाकत पाण्यात मंदिर उभारायला घेतलं आणि त्यात जवळपास पंचवीस वर्षं घातली. आजची वास्तू १९९५ मधली आहे. ओहोटीला मंदिराभोवती नुसता चिखल दिसतो, म्हणून भरतीची वेळ बघून जा. शेजारीच दहनभूमी आहे. तिथे अंत्यविधी चालू असेल तर फोटो काढू नका.

पाच-सात मिनिटांवर कारापिचायमाचं दत्तात्रेय मंदिर आणि ८५ फुटी हनुमान. अक्कलकोट-गाणगापूरच्या वाटेवर वाढलेल्या माणसाला इतक्या दूर दत्ताचं देऊळ भेटणं ही मोठीच गोष्ट. वास्तू द्राविडी शैलीची, दक्षिणी कारागिरांच्या हातची. अर्धी चड्डी चालत नाही, गाभाऱ्यात फोटो नाही.

मग परतीच्या वाटेवर दुपारी साडेतीनपर्यंत कॅरोनी दलदलीच्या धक्क्यावर या. बोटी चारच्या सुमारास सुटतात, फेरी सुमारे अडीच तासांची. खारफुटीच्या कालव्यांतून बोट एका उघड्या पाण्यावर थांबते, समोरच्या हिरव्या बेटावर लालभडक आयबिस पक्षी थव्याथव्याने उतरायला लागतात आणि अर्ध्या तासात झाडं लाल होतात. हा त्रिनिदादचा राष्ट्रीय पक्षी, त्याला मारल्यास एक लाख टीटी डॉलर दंड. बोट पक्ष्यांपासून बरीच लांब थांबते, मोबाईलच्या कॅमेऱ्यात ठिपके येतात. दुर्बीण न्याच. लांब बाह्यांचा सदरा आणि डासांचं मलम हवं. ही फेरी दिवसाच्या सुरुवातीला ठेवण्याची चूक काही सहली करतात. सकाळी पक्षी चरायला गेलेले असतात आणि हाती फक्त खारफुटी लागते.

ला ब्रेचं डांबराचं तळं याच दिवसात कोंबू नका. ते आणखी दक्षिणेला आहे आणि बोट चुकते.

ओव्हल आणि सव्हाना

सोलापूरच्या क्रिकेटवेड्याने क्वीन्स पार्क ओव्हलला जायलाच हवं, आणि कारण फक्त गावसकर नाही. सोलापुरात जन्मलेल्या पॉली उम्रीगर यांनी १९६२ मध्ये याच मैदानावर एकाच कसोटीत ५६ आणि नाबाद १७२ धावा केल्या, वर एका डावात पाच बळी घेतले. नंतर मार्च १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं तेही इथेच. सरदेसाईंचं ११२ आणि पदार्पण करणाऱ्या गावसकरांचे ६५ व नाबाद ६७. त्याच मालिकेच्या शेवटच्या कसोटीत गावसकरांचे १२४ आणि २२०, तेही याच खेळपट्टीवर. १९७६ मध्ये ४०३ चं लक्ष्य चार गडी गमावून पार केलं, तेही इथेच. मागे उत्तरेच्या डोंगररांगा, समोर मैदान. सामना नसेल तर फाटकावर विनंती करून आत डोकावता येतं का बघा.

सामन्यासाठी जात असाल तर ठिकाण नीट वाचा. बरेच सामने आता तारूबाच्या ब्रायन लारा अकादमीत होतात. ते सॅन फर्नांडोजवळ, राजधानीपासून ५० किलोमीटरच्या आसपास. रात्रीचा टी-ट्वेंटी संपल्यावर मॅक्सीच्या भरवशावर राहिलात तर अडकाल. परतीची गाडी आधीच ठरवा.

सव्हाना हे शहराच्या मधलं २६० एकरांचं मैदान. पश्चिम कडेला विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सात हवेल्या ओळीने, त्यातलं क्वीन्स रॉयल कॉलेज ही लेखक व्ही. एस. नायपॉल यांची शाळा. उत्तरेला १८१८ सालचं वनस्पती उद्यान. सकाळी साडेसहा ते आठ चालायला छान, दुपारी दमटपणा नको करतो. पारा ३२ च्या पुढे फारसा जात नाही, पण आपल्या मे महिन्यातल्या कोरड्या ४२ पेक्षा घाम जास्त येतो.

मराकास किनारा डोंगरापलीकडे, गाडीने पाऊण तास. वळणांचा रस्ता सुंदर आहे. लाटा जोरदार असतात, लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरू नका. अंधाराआधी परता.

केव्हा जावं

जानेवारी ते मे कोरडा मोसम. जून ते डिसेंबर पाऊस, पण मुख्य चक्रीवादळांच्या पट्ट्याच्या दक्षिणेला असल्याने त्रिनिदादला फटका क्वचित बसतो. कार्निव्हल ॲश वेन्सडेच्या (ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो त्या बुधवारच्या) आधीच्या सोमवार-मंगळवारी येतो, म्हणजे २०२७ मध्ये ८ आणि ९ फेब्रुवारीला. त्या आठवड्यात हॉटेलांचे दर अनेक पट होतात आणि किमान चार-पाच रात्रींचं बंधन असतं. गर्दी नको पण स्टीलपॅन (पोलादी पिंपाचं वाद्य) ऐकायचाय, त्यांनी कार्निव्हलच्या दोन-तीन आठवडे आधी जावं. तेव्हा संध्याकाळी पॅनयार्डांमध्ये, म्हणजे वादकांच्या अंगणांत, सराव उघड्यावर चालतो. दिवाळीआधीच्या नऊ रात्री शाग्वानसला दिवाळी नगर भरतं, कुटुंबासाठी आम्ही हाच काळ सुचवू. पावसाची छत्री मात्र घ्या.

पैसा आणि सुरक्षितता

एका अमेरिकी डॉलरला पावणेसातच्या आसपास टीटी डॉलर, म्हणजे एक टीटी डॉलर साधारण १३ रुपये. रुपये तिथे बदलून मिळत नाहीत. अमेरिकी डॉलर न्या आणि थोडेथोडे बँकेतच बदला. देशात परकीय चलनाची टंचाई असल्याने उरलेले टीटी डॉलर परत बदलताना हात हलवत यावं लागतं. वीज ११५ व्होल्टची, पिना चपट्या. मोबाईलचा चार्जर चालतो, आपली किटली किंवा इस्त्री चालत नाही.

गुन्हेगारी खरी आहे, तिला हलकं घेऊ नका. डिसेंबर २०२४ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये देशात आणीबाणी जाहीर झाली होती. निघण्याच्या आठवड्यात भारतीय उच्चायुक्तालयाच्या सूचना वाचा, त्यांचं कार्यालय व्हिक्टोरिया ॲव्हेन्यूवर आहे. लॅव्हेंटिल, बीथम, सी लॉट्स या पूर्वेकडच्या वस्त्यांत शिरू नका. मध्य शहरात दिवसा काम उरकून संध्याकाळी पश्चिमेकडे या. सोन्याची साखळी, मंगळसूत्र घरी ठेवलेलं बरं. लष्करी छापाचे कपडे घालणं तिथे कायद्याने गुन्हा आहे, लहान मुलांची टोपीसुद्धा त्यात येते, बॅग भरतानाच तपासा. पोलीस ९९९, रुग्णवाहिका ८११.

परतीचं विमान सकाळचं असेल तर शहरातून पियार्कोला अर्ध्या-पाऊण तासात पोचता. दुपारनंतरचं असेल तर तीन ते साडेसहा पूर्वेकडचा महामार्ग तुंबलेला असतो. अशा वेळी वुडब्रुकहून उड्डाणाच्या पाच तास आधी निघा.